बायकांकडचे फोटो

दुकानाच्या पायरीवर उभं राहून राजेश्वरनं बटण दाबून धरलं आणि रस्त्यानं चाललेल्या वीजकेंद्राच्या राखेच्या टिप्परबरोबर कॅमेरा फिरवत नेला. शिवणयंत्र सुसाट सुटावं तसा कटकटकटकट आवाज झाला. टिप्पर कोपऱ्यावर वळला तसा तो कॅमेरा उराशी धरून आत आला.

"बगितलंस का? ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बी फोटो हललेला न्हाई. नवरदेव घोड्यावरून पडला, तर पडताना समदा येईल ह्याच्यात."

"पडू लालाय तर हात द्यावा माणसानं. फोटो कावून काढायचा?" त्याची बायको जगदेवी म्हणाली.

राजेश्वर हसला. तो खुशीत होता. लातूरचे सुंदरराव कॅमेऱ्यांचे व्यापारी. राजेश्वरच्या वडिलांपासूनची ओळख, म्हणून त्यांनी दोन कॅमेरे वापरून बघायला ठेवून दिले होते. एक ठेवून घ्यायचा, दुसरा सोमवारी परत. परळीत एव्हाना सगळे स्टुडिओ डिजिटल झाले होते आणि 'शिवलीला फोटो स्टुडिओ'त अजून रोलच चालत होता. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "कंप्युटरवर दिसंल का लगेच?" आणि नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जायचं.

दोन्ही कॅमेरे भारी होते, किंमतही उन्नीस-बीस. एकाचा पट्टा पिवळा होता, दुसऱ्याचा लाल. घरात तीच त्यांची नावं पडली होती. पिवळा चपळ होता. पळतं माणूस, उधळलेल्या अक्षता, वरातीतला नाच, काहीही त्याच्या तावडीतून सुटत नसे. लाल संथ होता, बटण दाबलं की जरा विचार करून फोटो काढायचा. पण त्याच्या आतला सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा मोठा होता. तेवढ्यानं काय फरक पडतो ते सुंदररावांनी इंग्रजी शब्दांत सांगितलं होतं. जगदेवीनं ते स्वतःच्या रीतीनं पाहून घेतलं. मागच्या अंधाऱ्या खोलीत, जिथं सासरे पूर्वी फोटो धुवायचे, तिनं कुंकवाचा करंडा ठेवला, दार किलकिलं केलं आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी फ्लॅशशिवाय फोटो काढले. पिवळ्यात अंधारावर रवा सांडल्यासारखे ठिपके आले. लालमध्ये अंधार काळाभोर राहिला आणि करंडा करंड्यासारखा दिसला.

"लाल घ्या," ती म्हणाली.

"आगं, आपलं काम वरातीचं. त्यो लाल वरातीत झोपा काढंल."

"वरातीचं काम तुमचं. मपलं काम खोलीतलं हाय."

ते खरं होतं. लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हा तिला कॅमेरा कुठून उघडतात हेही माहीत नव्हतं. पुढं एका लग्नघरानं सासऱ्यांना सांगितलं की, आमच्या बायका गड्यासमोर बसणार नाहीत. सासऱ्यांनी घरातला जुना कॅमेरा सुनेच्या हातात दिला आणि चार दिवस तुळशीसमोर बसवून शिकवलं. तेव्हापासून परळीतल्या कितीतरी घरांत माजघराच्या आतले फोटो जगदेवीनं काढले होते. मुसलमानांच्या घरी मेंदीचे, मारवाड्यांच्या घरी डोहाळजेवणाचे, लिंगायतांच्या घरी न्हाणाचे. ह्या कामाला गावात नावच होतं, 'बायकांकडचे फोटो'. तिची रीत एकच होती. बायकांचा रोल वेगळा ठेवायचा आणि प्रिंट-निगेटिव्ह एका पाकिटात घालून घरच्या बाईच्या हातात द्यायचं. दुकानाच्या काचेत असला एकही फोटो कधी लागला नाही.

"मंग आसं करू," राजेश्वर म्हणाला, "सत्तारभाईच्या पोरीचं लगीन हाय. दोन्ही घेऊन जाऊ. ज्याचे फोटो चांगले त्यो ठेवू."

सत्तारचा फळांचा गाडा स्टेशन रोडला होता. त्याची बायको आमिनाबी, आणि एकुलती एक मुलगी इरम. बारावी झाली होती, आणखी शिकायचं म्हणत होती. पण गेवराईचं स्थळ चांगलं आलं. मुलगा कलीम, हायवेला डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान, निर्व्यसनी. सत्तारनं होकार दिला.

मेंदीच्या दुपारी जगदेवी दोन्ही कॅमेरे घेऊन आतल्या खोलीत गेली. खोली केवढीशी. एका भिंतीला ट्रंकांची उतरंड, वर एक बल्ब, एक खिडकी, आणि मधल्या जागेत शेजारच्या, नात्यातल्या बायका दाटीवाटीनं बसलेल्या. तिनं आधी पिवळा काढला. पाठ भिंतीला टेकली तरी चौकटीत तीन तोंडांच्या वर मावेना. फ्लॅश मारला की बायका डोळे मिटायच्या आणि कपाळं पांढरी व्हायची. मग तीच लेन्स तिनं लालला लावली. अर्धी खोली आत आली. फ्लॅशची गरजच पडेना. आणि फ्लॅश थांबला तशा बायका फोटोवालीला विसरून गेल्या. कुणी ओढणी टाकली, कुणी पोराला पाजायला घेतलं, कुणी ढोलकी ओढली.

आमिनाबी तिच्याजवळ येऊन खाली बसल्या. "बाई, ह्याच्यात रोल नसतो म्हनतेत. मंग निगेटिव कुटं ऱ्हाती?"

"ह्या कार्डात." जगदेवीनं कॅमेऱ्याचं झाकण उघडून काडेपेटीहून चपटं कार्ड दाखवलं. "ह्याची सीडी करून तुमच्या हातात देते. म्हंजे निगेटिव दिल्यावानीच. आजवर दुकानात काय ठेवलंय का मी?"

"तसं न्हाई. तुमचा भरवसा हाय म्हून तर तुमाला बोलावलं. पन सोयरे जरा कडक हायत, म्हून विचारलं."

तेवढ्यात इरम ओरडली, "मावशी! कुनीतरी केस सारा की माजे!"

तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीनं भरलेले, पुढं धरलेले. कपाळावरची बट नाकावर आली होती आणि ती फुंकर मारून मारून ती उडवायला बघत होती. बट पुन्हा पुन्हा तिथंच येत होती. ती वैतागली आणि मग स्वतःलाच हसली. खिडकीचा उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर होता. लालनं आपला वेळ घेतला, आणि तो फोटो आला.

जगदेवीनं मागच्या छोट्या पडद्यावर पाहिलं. इतकी वर्षं ती फोटो काढत होती, त्यांत बसवलेल्या, सावरलेल्या, श्वास धरलेल्या बायका होत्या. ही पोरगी मात्र स्वतःच्या घरात होती. तिनं इरमला पडदा दाखवला.

"या अल्ला, ही मी हाय?" इरम म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मावशी, ह्यो माज्यासाटी मोठा करून द्या. पन अम्मीला दिऊ नका, मलाच द्या."

रविवारी दोघांनी दुकानातल्या कंप्युटरवर फोटो पाहिले. कंप्युटर राजेश्वर शिकला होता. जगदेवीनं त्याला हात लावला नव्हता. पिवळ्यानं काढलेली वरात झकास आली होती. घोड्याचे सुटलेले पाय, हवेतली फुलं, कलीमच्या मित्रांच्या उड्या. राजेश्वर एकेक फोटो दाखवून मांडीवर थाप मारत होता. मग त्यानं लालचे फोटो उघडले, आणि इरमच्या फोटोवर त्याचा हात थांबला.

त्यानं तो मोठा केला. आणखी मोठा केला. पापण्या दिसल्या, ओल्या मेंदीवरची चमक दिसली, डोळ्याच्या बाहुलीत खिडकीचे गज दिसले.

"फुटतच न्हाई की गं," तो पुटपुटला. त्यानं शेजारच्या राधाकिशनला हाक मारली. राधाकिशननं त्याच वर्षी फ्लेक्स छापायचं मशीन टाकलं होतं. तोही वाकून बघत राहिला. "वीस फूट केला तरी न्हाई फुटायचा," तो म्हणाला. "पिवळ्याचा फुटंल."

"लाल ठेवू," राजेश्वर म्हणाला.

जगदेवीला खरंच वाटेना. घरात टीव्ही कुठला घ्यायचा, पोरीला कुठल्या शाळेत घालायचं, दुकानाला रंग कुठला, कशातच तिचा शब्द शेवटचा नव्हता. तिनं दुसऱ्या दिवशी गव्हाची खीर केली. पिवळा सुंदररावांकडे परत गेला. राजेश्वरनं सीडी करून दिली आणि ती जगदेवीनं स्वतः आमिनाबींच्या हातात नेऊन ठेवली. इरमला हवा होता तो मोठा फोटोही, ती माहेरी आली तेव्हा, पाकिटात घालून तिच्याच हातात दिला. काम झालं होतं.

महिनाभरानं एका सकाळी सत्तार दुकानात आला. गाडा नव्हता बरोबर. तो कधी आत येत नसे, पायरीवरूनच बोलायचा. त्या दिवशी आत आला आणि उभाच राहिला.

"बाई, जरा स्टँडपर्यंत चलता का?"

"काय झालं, सत्तारभाई? बसा की."

"बसत न्हाई. तुमी चला."

ती त्याच्यामागं चालू लागली.  स्टँडसमोर रिकाम्या प्लॉटवर जाहिरातींचा लोखंडी सांगाडा होता. त्यावर इरम होती. दोन मजली घराएवढी. भरलेले हात पुढं, नाकावर बट, उघडं तोंड हसणारं. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'शिवलीला डिजिटल. आता परळीतही मोठ्या शहराची क्वालिटी. प्रो. राजेश्वर', आणि मोबाईल नंबर. गेवराईची, बीडची, अंबाजोगाईची प्रत्येक गाडी ह्याच सांगाड्यासमोर वळून आत शिरत होती. पानटपरीवर चार पोरं वर बघत उभी होती.

"जावई आलते तिला न्यायला," सत्तार म्हणाला. "घरी आलेच न्हाईत. गाडीतून उतरले, हे बगितलं, आन् त्याच गाडीनं माघारी गेले. फोन आला. म्हनले, पोरीला ऱ्हाऊ द्या तिकडंच."

जगदेवी म्हणाली, "मी न्हाई लावला, सत्तारभाई."

"ते ठाऊक हाय मला." तो खाली बघत म्हणाला. "पन काढला तुमीच ना?"



तिनं पानटपरीवरून राजेश्वरला फोन लावला. तो मोटारसायकलवर हसतच आला. "बगितलंस? तुला सांगणार नव्हतो, म्हटलं आपोआप दिसू दे. काल संध्याकाळीच चढवला. सकाळपास्नं किती फोन आलेत ठाऊक हाय का?" मग त्याला सत्तार दिसला.

"उतरवा," जगदेवी म्हणाली.

"आगं पन..."

"आत्ताच्या आत्ता उतरवा."

"तुपलाच फोटो हाय की! तुपल्या फोटोचं कौतुकच केलंय ना मी? दुसऱ्याचा लावला का? सत्तारभाई, तुमीच सांगा, पोरगी कशी राणीवानी दिसू लालीय. काय वाईट हाय त्याच्यात?"

सत्तारनं त्याच्याकडे पाहिलं. "काय वाईट न्हाई," तो म्हणाला. "घरात लावला असता तर लई चांगला होता."

राजेश्वर म्हणाला, राधाकिशनचा माणूस दुपारी येईल, मग बघू. जगदेवी थांबली नाही. तिनं पदर खोचला आणि सांगाड्याच्या पायऱ्यांवर चढली. पोरं हसली. कुणीतरी शिट्टी मारली. सुतळ्या घट्ट बांधलेल्या होत्या, नखांनी सुटेनात. खालून सत्तारनं टपरीवाल्याचा चाकू वर दिला. तिनं एकेक सुतळी कापली. एक बाजू सुटली तसा इरमचा चेहरा मधूनच दुमडला, दुसरी सुटली तसा तो वाऱ्यानं फडफडत खाली आला.

जमिनीवर पडायच्या आधीच सत्तारनं तो दोन्ही हातांत झेलला. फ्लेक्स आवरेना. तरी त्यानं कुणाचा पाय लागू दिला नाही. गुडघ्यावर बसून त्यानं तो मुलीचा चेहरा आत राहील असा गुंडाळत नेला. एक जण मदतीला पुढं आला, तर त्यानं मान हलवली. मग ती गुंडाळी खांद्यावर टाकून तो स्टेशन रोडनं घराकडे चालत गेला.

घरी आल्यावर ती राजेश्वरला म्हणाली, "मी आमिनाबीला सीडी दिलती. दुकानात काय ठेवत न्हाई म्हून सांगितलं होतं."

"सीडी दिली म्हून काय झालं? फोटो कंप्युटरात ऱ्हातोच. त्येला काय पाय फुटतेत का?"

"मला कुटं ठाऊक होतं?"

"विचारायचं ना मंग."

"तुमी विचारलं का मला? लाल कावून घेतला ते तरी सांगितलं का?"

तो म्हणाला, "उतरवला ना आता? उगंच एवढी मोठी गोष्ट करू लालीस. चार दिसांत विसरतेत लोक."

लोक विसरले. म्हणजे फ्लेक्स विसरले, नंबर विसरले नाहीत. एका रात्रीत आणि एका सकाळीत जेवढ्यांनी तो फोटो पाहिला होता, तेवढ्यांना पुरलं. त्या मोसमात राजेश्वरला इतकी लग्नं आली की त्यानं पिवळाही घेतला. कुणी विचारलं तर तो सांगायचा, "खोलीतल्या फोटोला लाल, वरातीला पिवळा. दोन्ही लागतेत." नांदूरघाटपासून लोक येऊ लागले.

फक्त माजघरातून बोलावणं येईना. कुणी भांडलं नाही, कुणी घालून पाडून बोललं नाही. मारवाड्यांची सून रस्त्यात भेटली तर गोड बोलली आणि म्हणाली, "अवो, डोहाळजेवण साधंच केलं ह्या वेळी, फोटो काढलेच न्हाईत." एका लग्नात जगदेवी पाहुणी म्हणून गेली होती. आतल्या खोलीत नवरीला हळद लागत होती. जगदेवी दारात दिसली तशी एका म्हातारीनं उठून दार ओढून घेतलं. मग आतून ओळखीचा आवाज आला, "आगं, कॅमेरा न्हाई तिच्याजवळ, येऊ द्या." दार उघडलं. जगदेवी आत गेली नाही.

इरम पुरा पावसाळा माहेरी होती. ईद झाली तेव्हा सत्तार चार माणसं घेऊन गेवराईला गेला आणि पायावर डोकं ठेवल्यासारखा बोलून आला. मग कलीम येऊन तिला घेऊन गेला. लग्नाचा अल्बम सासरी आणायचा नाही, असं ठरलं. तो मोठा केलेला फोटो आमिनाबींनी चुलीत घातला, हेही जगदेवीला बाहेरूनच कळलं. आमिनाबी बाजारात दिसायच्या, सलाम करायच्या, तब्येत विचारायच्या. घरी या म्हणत नव्हत्या.

जगदेवी आता दुकानात पासपोर्टचे फोटो काढायची. निळ्या पडद्यासमोर स्टूल, मान सरळ, हनुवटी वर. राजेश्वरच्या मागं लागून तिनं एक लहान प्रिंटर घेतला, त्यात कार्ड घातलं की कंप्युटरला जोडायची गरज नसायची. राजेश्वरला ते खूळ वाटायचं.

दोन वर्षांनी एक दिवस बुरख्यातली एक बाई आत आली. राजेश्वर लग्नाला गेला होता. तिनं तोंडावरचं कापड मागं टाकलं. इरम होती. वाळली होती. गालाची हाडं वर आली होती.

"पासपोर्टचे फोटो पायजेत, मावशी. डी.एड.चा फॉर्म भरायचाय. त्यांनी हो म्हनलंय."

"बस. बस की, बाळ." जगदेवीची धांदल उडाली. "च्या सांगू?"

"नको. उशीर होतोय. दुसरीकडं बाई न्हाई कुटं, म्हून आले."

ती स्टुलावर बसली. जगदेवीनं लाल उचलला. चौकटीत इरमचा चेहरा आला, सरळ, बंद. डोळे लेन्सकडे होते, पण त्यांत काही नव्हतं. जगदेवीला म्हणावंसं वाटलं, जरा मोकळी बस. ती म्हणाली नाही. एकच फोटो काढला. प्रिंटरमध्ये कार्ड घालून प्रती काढल्या, कापल्या, पाकिटात घातल्या.

इरम उठली नाही.

"आता ते पुसा," ती म्हणाली. "माज्यासमोर."

जगदेवीनं कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घातलं. पडदा इरमकडे वळवला आणि बटण दाबलं. इरमचा चेहरा दिसला, आणि नाहीसा झाला.

"गेला?"

"गेला."

"कंप्युटरात?"

"कंप्युटरात घातलाच न्हाई. बग, बंद हाय त्यो."

इरमनं बंद कंप्युटरकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे. तिच्या आवाजात राग नव्हता. "मागल्या टायमाला बी तुमी काय ठेवलं नव्हतं, मावशी."

जगदेवीनं झाकण उघडलं, कार्ड बाहेर काढलं आणि तिच्यापुढं धरलं.

"हे तूच घेऊन जा."

"मी काय करू ह्याचं?"

"काय बी कर. जाळ, इहिरीत टाक."

 इरमनं तिच्या तळहातावरचं कार्ड घेतलं, रुमालाच्या कोपऱ्यात घट्ट बांधलं, फोटोचं पाकीट पर्समध्ये ठेवलं. जाताना ती दारात थांबली. जगदेवीला वाटलं, काहीतरी म्हणेल. पण ती तोंडावर कापड घ्यायला थांबली होती. ते नीट बसवून ती पायरी उतरली आणि बाजाराच्या गर्दीत गेली.

जगदेवीनं सवयीनं कॅमेरा चालू करून डोळ्याला लावला. दारातून रस्ता दिसत होता, राखेनं करडी झालेली झाडं दिसत होती, आणि त्यात एकसारख्या चार-पाच बुरख्यातल्या बायका चालल्या होत्या. त्यांतली इरम कोणती ते तिला ओळखू येईना. तिनं बटण दाबलं. आत कार्ड नाही, अशी इंग्रजी अक्षरं पडद्यावर आली. तिनं कॅमेरा बंद केला आणि स्टूल निळ्या पडद्यापासून सरकवून भिंतीला लावून ठेवलं.